कोपरे नसलेलं घर

पास्कल परेरा गेला त्याला आता महिना उलटून गेला. बातमी मला त्याच्या बायकोने, रेजिनाने, फोनवर दिली. आणि तिला ती कशी समजली हे आधी सांगायला हवं. रेजिना इथे बहारीनला, मनामातल्या एका जुन्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर. जुलैतली दुपार होती. पास्कलच्या तेल कंपनीतून कुणीतरी हॉटेलात फोन लावला आणि मॅनेजरला द्या म्हणाला. हॉटेलात येणारा प्रत्येक फोन आधी ऑपरेटरच्या कानात शिरतो, हे त्या बापड्याच्या लक्षात आलं नाही. तिने रोजच्या सवयीने विचारलं, काय काम आहे म्हणून सांगू? तो म्हणाला, तुमच्याकडे मिसेस परेरा म्हणून कुणी काम करतात, त्यांचे मिस्टर आत्ता आमच्याकडे वारले, तर मॅनेजरसाहेबांनी त्यांना जरा सांभाळून सांगावं. "वन मोमेंट, प्लीज," ती म्हणाली, आणि तिने लाइन मॅनेजरला जोडून दिली. मग दुसऱ्या लाइनवरून माझ्या बँकेत फोन केला. "लेलेभाऊ, पास्कल गेला. तुम्ही गाडी घेऊन याल का?" एवढंच. आवाज रोजचाच होता. त्या आवाजामुळेच मला ते खरं वाटायला वेळ लागला.

पास्कल वाळवंटातल्या तेल कंपनीच्या वसाहतीत ड्राफ्ट्समन होता. बंगल्यांची दुरुस्ती आणि त्यांतलं फर्निचर हे त्याचं खातं. त्या दुपारी तो गोदामात लॉरीची वाट बघत एका खुर्चीत बसला होता आणि बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. गोदामाचा माणूस युसुफ, इथलाच, बहारीनी. इतकी वर्षं आमच्या लोकांबरोबर काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलतो. तो मला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "मैं बोला, यल्ला पास्कल, लॉरी आया. वो मफी जवाब, कुछ नहीं. मैं बोला, सो गया. अच्छा कुरसी है, उस में सब सो जाता..." खुर्ची खरंच चांगली होती. पोलादी नळी वाकवून केलेली, मागचे पाय नसलेली, बसलं की किंचित झुलणारी. पन्नास वर्षांपूर्वीची. माणूस बसल्या बसल्या गेला तरी तिने त्याला खाली पडू दिलं नाही.

आमची ओळखही अशाच एका खुर्चीवरून झाली. शहात्तर साली मी पुण्याहून इथे बँकेत अकाउंटंट म्हणून आलो तेव्हा इथल्या आपल्या लोकांत एक पक्का रिवाज होता, अजूनही आहे: इथे काही घ्यायचं नाही. दोन वर्षांत परत जायचंय, मग कशाला? ती दोन वर्षं कुणाचीच संपत नाहीत, पण तोवर माणसं गादी जमिनीवर टाकून, टीव्ही खोक्यावर ठेवून राहतात, आणि जे काही चांगलं घेतील ते पुठ्ठ्यासकट पलंगाखाली सरकवतात, तिकडच्या घरासाठी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं आमचं बिऱ्हाड पलंगाखाली. मीही त्यातलाच. तेल कंपनी जुनं सामान मोडीत काढतेय असं कळलं म्हणून एक खाट स्वस्तात मिळाली तर बघावी या हिशेबाने मी वसाहतीत गेलो. तिथे एक सडपातळ, काळासावळा माणूस वाळूत गुडघे टेकून एका उलट्या पडलेल्या खुर्चीच्या नळीवरचा गंज अंगठ्याने चोळून बघत होता. मी त्याला हिंदीत विचारलं, भाई, खाट कहाँ है? त्याने वर न बघता मराठीत उत्तर दिलं. "खाटा तिकडे आहेत. पण त्या नका घेऊ, स्प्रिंगा गेल्यात. आणि या खुर्चीवर पाय नका देऊ, ही तुमच्या-माझ्याहून मोठी आहे वयाने."

तो वसईचा. त्याचे वडील मुंबईत एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करत. चाळीसच्या आधीचा काळ, समुद्राकाठी गोल बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्या पारशी-गुजराती शेठ लोकांना आत सगळं त्याच नमुन्याचं हवं असे: गोल खांद्यांची कपाटं, अर्धगोल बार, बोटीच्या नाकासारखी टोकं असलेली टेबलं. अक्रोडाचं पातळ पापुद्र्याचं लाकूड वाकवून त्यावर लाखेचं पॉलिश चढवायचं, इतकं की वडील म्हणायचे, माशी बसली तर घसरली पाहिजे. पास्कल त्या पॉलिशच्या वासात वाढला. पुढे इथे आला, तर वाळवंटाच्या मधोमध त्याला तेच फर्निचर भेटलं. तेल लागलं त्या वर्षांत कंपनीने साहेबांसाठी बंगले बांधले आणि बोटी भरभरून सामान आणलं, ते सगळं ऐन त्या नमुन्याचं. ते आता मोडीत निघत होतं. त्याच्या जागी फोमचे तपकिरी सोफे येत होते, आणि कुठल्या बंगल्यातलं काय मोडीत काढायचं हे ठरवण्याचं काम नेमकं पास्कलच्या माथी होतं. "बापाने चकचकीत केलं, मी आगीत घालतो," तो म्हणायचा. कारण लिलावात जे उठत नसे ते वसाहतीच्या मागे खड्ड्यात टाकून जाळून टाकत. अक्रोडाच्या कपाटाला आग लागली की पॉलिश आधी फुगतं, मग तडतडतं. मी एकदा त्याच्याबरोबर उभा राहून बघितलं आहे. पुन्हा गेलो नाही.

जे वाचवता आलं ते त्याने झिंजमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर नेलं. खाली किराणा, वर घर. दारातून आत गेलं की डावीकडे लगेच स्वयंपाकघर, आणि समोर हॉल, लांब, शेवटी खिडकी. खिडकीशी मोठी आरामखुर्ची, मधे गोल टेबल आणि भोवती नळीच्या चार खुर्च्या, भिंतीला लागून ते गोल खांद्यांचं लांब कपाट, ज्याच्या अंगावरून पितळेच्या तीन आडव्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत. रेडिओसुद्धा पावासारखा फुगीर. आमच्यासारख्या खोक्यांवर जगणाऱ्या लोकांना ते घर म्हणजे सिनेमाचा सेट वाटे. शुक्रवारी सुट्टी, सकाळी त्यांची चर्चची मिस्सा झाली की दुपारी आम्ही त्यांच्याकडे नाहीतर ते आमच्याकडे सनाबिसला. मी त्याला चिडवायचो. पुणेकराला उंटावरचा शहाणा व्हायला उंट लागत नाही, आणि इथे तर उंटही होते.

"पास्कल, त्या रेघा कशाला रे?"

"वेगाच्या रेघा त्या. पहिल्या महायुद्धानंतर विमानं आली, वेगवान आगगाड्या आल्या. धावणाऱ्या वस्तूला कोपरा नको, वारा अडतो. मग तिकडे अमेरिकेत धंदे बुडाले, माल उठेना. तेव्हा कारखानदारांनी चित्रकार लोकांना बोलावलं, म्हणाले, जुन्याच मालाला नवं अंग द्या. त्यांनी सगळ्यालाच विमानाचं अंग दिलं. इस्त्रीला, रेडिओला, पेन्सिलीच्या शार्पनरलाही."

"म्हणजे शुद्ध फसवणूक. शार्पनर कुठे उडतोय? आणि तुझं हे कपाट कुठे धावतंय?"

"कपाट नाही धावत, लेले," तो शांतपणे म्हणाला. "घरातलं माणूस धावतं ना."

मी ते नेहमीचं त्याचं फर्निचरपुराण म्हणून सोडून दिलं. पण आमचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला. मला तो सगळा नमुनाच खोटा वाटायचा. त्याला जर्मनीतली ती नळीची खुर्ची जास्त प्रिय. सायकलचं हँडल वाकवतात तशी नळी वाकवून केलेली, त्यात लपवाछपवी नाही, वजन कुठून कुठे जातं ते उघड्या डोळ्यांना दिसतं. मी म्हणायचो, ती माणसं मूर्ख होती. एका युद्धातून उठली आणि पुढचा काळ आता सुळकन येणार, त्याला कुठे खाच नाही, कोपरा नाही, अशी त्यांची समजूत. आला तो काय, दुसरं युद्ध. ती नळी खुर्च्यांतून काढून बंदुकांना गेली. पास्कल हसायचा नाही अशा वेळी. "चूक झाली त्यांची," म्हणायचा. "पण खुर्चीची काय चूक?" युसुफचा बाप मोत्यांसाठी बुडी मारणारा होता. त्याच वर्षांत मोत्यांचा धंदा बसला, तेल लागलं, आणि तो बाप याच बंगल्यांत ही कपाटं खांद्यावरून वाहून नेणारा हमाल झाला. त्याला कुणी नवं अंग दिलं नाही.

रेजिनाबद्दल मात्र आमच्या घरी वेगळा वाद. माझी बायको सुमन तिला शिष्ट म्हणे. तशी कारणंही होती. समोरून बघितलं तर रेजिना गोड हसायची, पण बाजूने कुणी हात केला, हाक न मारता नुसतं हसलं, तर खुशाल पुढे निघून जायची. एका दिवाळीत सुमनने करंज्यांचं ताट तिच्यापुढे धरलं, पुढे म्हणजे जरा शेजारून, आणि ही आपली खिडकीकडे बघत बसली. ताट धरून धरून सुमनचा हात अवघडला. शेवटी पास्कलने दोन करंज्या उचलल्या आणि एक तिच्या हातात दिली. "इतका कसला माज," सुमन घरी येऊन म्हणाली. बाहेर पडली की रेजिना नवऱ्याचा हात सोडत नसे, चर्चमध्ये, बाजारात, लग्नाला इतकी वर्षं होऊनही नव्या नवरीसारखी. आणि घरात मात्र वाऱ्यासारखी फिरायची, हातात गरम चहाचा ट्रे घेऊन जवळजवळ पळतच. शिवाय निघायच्या वेळी ही बाई कधी जागेवर नसे. आम्ही उठायच्या बेताला आलो की ती कपबशा घेऊन स्वयंपाकघरात जाई आणि दार ओढून घेई. आम्ही चपला घालून दाराशी उभे राहिलो की मग बाहेर येऊन म्हणे, "एवढ्यात निघालात?" सुमन ते वाक्य नक्कल करून दाखवायची.

आणि पास्कलची ती खोड. माणूस खुर्चीतून उठला रे उठला की हा ती खुर्ची सारून जागेवर लावणार. नळीच्या खुर्च्या फरशीवरून सारताना खर्रकन आवाज होई, मोठ्या आरामखुर्चीचा जरा जाड, टेबलाच्या खुर्च्यांचा बारीक. आम्ही निरोप घेतोय आणि हा आपला खिडकीपासून सुरू करून एकेक खुर्ची सारत येतोय. "अरे, आम्ही अजून गेलो नाही," मी म्हणायचो. "जा, जा, माझं चालू दे," तो म्हणायचा. नवीन माणसाला ते अपमानासारखं वाटे. एका साहेबाने तर विचारलं, तुमच्याकडे जास्त वेळ बसलेलं चालत नाही का? पास्कलने त्यांची क्षमा मागितली आणि त्यांचीही खुर्ची सारली. फर्निचरचं वेड, दुसरं काय, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वेडाला वेड म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही.

तरी एक गोष्ट त्या वेडात बसत नव्हती. इतका जुन्या वस्तूंना जपणारा माणूस, पण एक दिवस गेलो तर हा एका चांगल्या शिसवी टेबलाचे कोपरे करवतीने उतरवत बसलेला. मला धक्काच बसला. "अरे, हे तर तुझ्या त्या काळाच्याही आधीचं," मी म्हणालो. "हो," तो म्हणाला, "पण टोचतं." आणखी एक. आम्ही रजेवरून येताना त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी एक टीपॉय आणला होता, शिसमाचा, कोरीव, आठ कोनांचा. दुसऱ्या शुक्रवारी गेलो तर टीपॉय गायब. "ऑफिसात नेला. तिथे फार शोभतो, वहिनी," पास्कल सुमनला म्हणाला. सुमन त्यावरून सहा महिने फुगली होती. तो टीपॉय मी परत पाहिला तो थेट जुलैतल्या त्या दुपारी, गोदामात, त्याच्या खुर्चीसमोर. आठही कोन तेल पाजून काळेभोर ठेवलेले होते. वर त्याचा अर्धा प्यायलेला चहा होता.

दवाखान्यातून त्याला दुसऱ्या दिवशी ताब्यात देणार होते. दफनही इथेच, असं रेजिनाने ठरवलं. पण संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना होणार, माणसं येणार. सुमन रेजिनाबरोबर दवाखान्यात थांबली आणि रेजिनाने पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "भाऊ, तुम्ही पुढे व्हा. लोक यायला लागतील." मी गेलो. त्यांच्या चर्चमधली पाच-सहा माणसं, खालचा मल्याळी दुकानदार, आमच्या बँकेतला एकजण. आपल्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, दुःखाच्या घरात पहिलं काम एकच, जागा करणं. हॉल मोकळा करायचा, सतरंज्या घालायच्या, बसायची सोय करायची. आम्ही भराभर कामाला लागलो. अशा वेळी माणसाला काहीतरी उचलायला हवं असतं, हाताला ओझं असलं की बरं वाटतं. लांब कपाट चौघांनी उचलून गच्चीत नेलं. गोल टेबल, चार खुर्च्या, आरामखुर्ची, सगळं जपून नेलं, पास्कलच्या वस्तू म्हणून जरा जास्तच जपून, वर चादरीसुद्धा घातल्या. चर्चच्या हॉलमधून घडीच्या लोखंडी खुर्च्या आल्या, त्या रांगांत मांडल्या. खिडकीपाशी त्याचा फोटो, मेणबत्त्या. तासाभरात हॉल ओळखू येईना. कुणीतरी म्हणालंही, चला, बाईंना काही बघावं लागणार नाही.

माणसं जमली. मग जिन्यात पावलं वाजली. सुमनने रेजिनाचा दंड धरला होता, जिनाभर धरला असावा. उंबरठ्याशी आल्यावर रेजिनाने तो हळूच सोडवून घेतला. "आता घरी आले, सुमनताई," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी झपझप आत निघाली. दारापासून कपाटाकडे, तिथून टेबलाला वळसा घालून खिडकीकडे, अशी तिची वाट असणार. तिसऱ्याच पावलाला ती लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत शिरली. दोन खुर्च्या तिच्यासकट कोसळल्या आणि तिसरीची कड तिच्या भुवईवर बसली.

कुणालाच काही कळेना. चक्कर आली असं सगळ्यांना वाटलं. पाणी आणा, वारा घाला, सुरू झालं. पण तिला चक्कर आली नव्हती. ती जमिनीवर बसली होती, गालावरून रक्त ओघळत होतं, आणि उजवा हात लांब करून ती हवेत काहीतरी शोधत होती, जिथे कपाटाचा गोल खांदा असायचा तिथे. मग डावा हात टेबलासाठी. "कपाट कुठे आहे?" तिने विचारलं. तिच्या हाताएवढ्या अंतरावर मी उभा होतो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. "मोठी खुर्ची?" शेवटी तिने हाक मारली. "पास्कल, कुठे नेऊन ठेवलंस रे सगळं?" अगदी रोजच्या आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशी... आणि मग तिची तिलाच ती हाक ऐकू आली. फोन घेतल्यापासून ती रडली नव्हती. तेव्हा रडली.

नंतर सुमन भुवईवर कापूस दाबून बसली असताना रेजिनाने सगळं सांगितलं. आधी रात्रीचं दिसेनासं झालं. मग कडेचं. रजेवर गेले असताना मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की यावर औषध नाही, दर वर्षी दिसण्याचा गोल लहान लहान होत जाईल, पुढे बंद होईल. आता तिला नाकासमोरचं तेवढं, नळीतून बघावं तसं दिसतं. तेही उजेड असला तर. स्विचबोर्डवर ती हाताने काम करायची, कुठल्या खोलीचं भोक कुठे हे बोटांना पाठ होतं. हॉटेलात कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर व्हिसा. "पण तेवढंच नाही, सुमनताई," ती म्हणाली. "मला हात धरलेला नको होता. बाहेर धरायचा तो, बाहेर चालेल म्हटलं. घरात नको. मी त्याला सांगितलं, घरात मला एकटीला चालू दे. मग त्याने घर असं केलं." करंज्यांचं ताट सुमनला आठवलं होतं, मला दिसत होतं तिच्या तोंडावर. तिने रेजिनाची भुवई धरूनच ठेवली, रक्त थांबलं होतं तरी.

प्रार्थना तशीच खोळंबली. आम्ही पुरुष गच्चीत गेलो आणि सगळं फर्निचर पुन्हा खाली आणलं. पण ते ठेवायचं कुठे? इतकी वर्षं येऊन एकालाही नेमकी जागा माहीत नव्हती. शेवटी त्या मल्याळी दुकानदाराने सतरंज्या उचलल्या आणि आम्हाला दाखवलं: फरशीवर, खुर्च्यांच्या नळ्या वर्षानुवर्षं सारून सारून, फिकट रेघा उमटल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या दोन. आम्ही सातआठ बाप्ये हातापायांवर रांगत त्या रेघा शोधत होतो आणि एकेक नळी रेघेवर बसवत होतो. कपाट त्याच्या जागी गेल्यावर रेजिना उठली, त्याच्या खांद्यावरून हात फिरवत गेली, टेबलाला वळसा घातला, आरामखुर्चीपर्यंत पोचली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "आता करा प्रार्थना." त्या संध्याकाळी सगळे उभेच राहिले. भिंतीला चिकटून, तिच्या वाटेत न येता.

मला त्याचा राग येतो, खरं सांगतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. एवढी वर्षं माझ्याशी त्या कपाटाच्या रेघांवरून भांडत राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून नाही सांगितलं. मी त्याच्या त्या लाडक्या काळाला खोटा म्हणत होतो, न धावणाऱ्या वस्तूंना धावण्याचं सोंग देणारा. तो ऐकून घ्यायचा आणि खुर्च्या सारायचा. जगात कुणी, कुठल्या हेतूने, कोपरे गोल केले असतील ते असोत; माल खपवायला केले असतील. त्याला ते आयते मिळाले, मोडीत, जाळायच्या ढिगात, आणि ते कशासाठी आहेत हे त्याने आपलं आपण ठरवलं. एवढंच तो मला सांगत होता... घरातलं माणूस धावतं ना.

इथे गोष्ट झाकून राहत नाही. हॉटेलात आठवड्याभरात कळलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, करार संपेपर्यंत थांबा म्हणाला, पण नवा बोर्ड येतोय, त्यात दिवे बघावे लागतात, हेही म्हणाला. रेजिनाने स्वतःच राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात ती वसईला भावाकडे जाईल. तिथे तिला एक खोली आहे. त्या खोलीत कपाट मावणार नाही. आरामखुर्ची आणि नळीची एक खुर्ची जाईल, बाकीचं कोण घेणार? युसुफ म्हणतो, इंशाल्ला, बघू. मला माहीत आहे काय बघणार ते. भावाच्या घरात मुलं आहेत, माणसांची ये-जा आहे. तिथे रोज उठून खुर्च्या कोण सारणार, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

परवा महिन्याची मिस्सा झाली. नंतर थोडे लोक घरी आले, चहा झाला, आपापले गेले. मी आणि सुमन शेवटचे. रेजिनाने कपबशा गोळा केल्या, स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं. आम्ही चपला घातल्या आणि उभे राहिलो. ती येईना. सुमनने माझ्याकडे बघितलं, मग हॉलकडे. खुर्च्या जिथे लोक सोडून गेले होते तिथेच होत्या, वाटेत, वाकड्या. रेजिना आत, खुर्च्या सारण्याच्या आवाजाची वाट बघत उभी होती. इतकी वर्षं ती तशीच उभी राहत होती, शेवटची खुर्ची लागेपर्यंत... मी चपला काढल्या. सगळ्यात जवळची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी होती, ती सारली. खर्रकन आवाज झाला आणि लगेच दार उघडलं, रेजिना बाहेर आली.

"वहिनी, थांबा," मी म्हणालो. "अजून बाकीच्या राहिल्यात."

ती जागच्या जागी थांबली. दाराची कड धरली. मग म्हणाली, "पास्कल खिडकीपासून सुरू करायचा, भाऊ. ही शेवटची."

ती आत गेली आणि तिने दार पुन्हा ओढून घेतलं. मी ती खुर्ची होती तशी बाहेर काढून ठेवली. मग खिडकीपाशी गेलो. आधी आरामखुर्ची, तिच्या रेघांवर. मग टेबलाच्या खुर्च्या, एकेक करत, खिडकीकडून दाराकडे. सुमन भिंतीला लागून उभी होती. शेवटी दाराजवळची ती खुर्ची सारली.

दार उघडलं. रेजिना हॉलमध्ये झपझप चालत आली, कुठेही हात न लावता, आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली,

"एवढ्यात निघालात?"